गाठीतलं पाणी, गाठीची भिंत

आत्याचं घर जुना जालन्यात, आनंदी स्वामींच्या मंदिरापासून चालत पाच मिनिटांवर. अंगणात जुना दगडी हौद आहे. नळाला पाणी आलं की हौद भरायचा आणि पुढचं पाणी येईपर्यंत पुरवायचा, हा त्या घराचा शिरस्ता. पाणी कोणत्या तारखेला आलं हे आत्या एका वहीत लिहून ठेवते. चाळीसएक वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई, आकडा लिहिल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

गेल्या भाद्रपदात महालक्ष्म्यांना सगळे तिथं जमलो होतो. महालक्ष्म्या उठल्या, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हौदाच्या कट्ट्यावर आत्या आणि माझी वहिनी समोरासमोर बसल्या. विषय होता माझा गळा. दोघींना काळजी माझीच होती आणि दोघींचं म्हणणं अगदी एकमेकींविरुद्ध होतं.

गाठ मानेच्या पुढच्या बाजूला, जरा उजवीकडे, घोट गिळला की वर-खाली होणारी. सुपारीएवढी होती तोवर मी तिच्याकडे पाहिलंच नाही. मग एका रात्री दुखायला लागली आणि सकाळी आरशात पाहते तर लिंबाएवढी. रक्त तपासलं, थायरॉइडची टीएसएच चाचणी नॉर्मल. सोनोग्राफीत गाठीत बरंचसं पाणी आणि एका कडेला थोडा भरीव भाग दिसला. सुई घालून पाणी काढलं, रिपोर्ट आला. त्यातली एकच ओळ घरात सगळ्यांनी वाचली : 'कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत.' आमचे हे म्हणाले, पाणीच आहे, सुटलो. आत्या म्हणाली, पाणी असो की काही असो, गाठ ती गाठ, काढून टाका.

आत्या एवढी ठाम का, ते आधी सांगायला हवं. काकांच्या, म्हणजे तिच्या यजमानांच्या, जबड्याखाली अशीच एक गाठ आली होती. काकांना तंबाखू होती. कुणी दाताचं म्हणालं, कुणी लेप दिला, कुणी 'पिकू द्या, फुटेल' म्हणालं. त्यात आठ महिने गेले. ते आठ महिने आत्या आजही मोजते.

वहिनी पॅथॉलॉजिस्ट आहे. छत्रपती संभाजीनगरला एका लॅबमध्ये सुईतून आलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हे तिचं रोजचं काम.

आत्या : मला एवढंच सांग सूनबाई, गाठ गळ्यात ठेवून हिनं झोपायचं कसं? एकदा काढली की विषय मिटला.

वहिनी : मिटत नाही आत्याबाई. थायरॉइडची गाठ काढायची म्हणजे निदान अर्धी ग्रंथी काढायची. तिच्या मागून दोन्ही बाजूंनी आवाजाच्या नसा जातात. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या, डाळीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी तिला चिकटून असतात. सर्जनचा हात चांगला असला की धोका कमी होतो, पण राहतो. आणि सगळी ग्रंथी गेली तर रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, जन्मभर. कॅन्सर असेल तर मीच हिला हाताला धरून ऑपरेशनला नेईन. नसेल तर हे सगळं कशासाठी?

आत्या : नसेल हे काढल्याशिवाय कळायचं कसं? तुझ्या काकांच्या वेळी सगळे हेच म्हणत होते, काही नसेल.

वहिनी : काकांची गाठ थायरॉइडची नव्हती. तोंडात सुरू झालेला रोग मानेतल्या लिम्फ नोडमध्ये उतरला होता. तिथं एक आठवडासुद्धा घालवायला नको होता. थायरॉइडच्या गाठीचं गणित निराळं आहे. नुसत्या हातानं तपासलं तरी शंभर बायकांत पाचेकींना गाठ लागते. सोनोग्राफीचं यंत्र आणून तुमच्या गल्लीतल्या पन्नाशीपुढच्या बायकांना ओळीनं बसवलं, तर निम्म्या जणींच्या गळ्यात काही ना काही निघेल. डॉक्टरांकडे तपासायला येणाऱ्या गाठी सगळ्या एकत्र धरल्या, तर शंभरात सात ते पंधरा कॅन्सरच्या असतात.

आत्या : म्हणजे पंच्याऐंशी ते त्र्याण्णव साध्या. आणि पाण्याच्या?

वहिनी : पातळ भिंत, आत निव्वळ पाणी, भरीव काही नाही, अशी गाठ असेल तर शंभरात एकही कॅन्सरची नसते म्हटलं तरी चालेल. पण अशा निव्वळ पाण्याच्या गाठी फार थोड्या, शंभरात दोनसुद्धा नाहीत. लोक जिला पाण्याची गाठ म्हणतात ती बहुतेक वेळा मिश्र असते. मुळात भरीव असलेली गाठ आतून विरघळते, तिच्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात, रक्त साचतं, त्याचं पुढं पाणी होतं. हिची एका रात्रीत फुगली ती त्यानंच.

आत्या : एका रात्रीत वाढली, याचीच तर मला धडकी भरली.

वहिनी : सगळ्यांना भरते. पण काही तासांत, दुखत दुखत फुगलेली गाठ बहुधा आतल्या रक्तस्रावाची असते. थायरॉइडचा नेहमीचा कॅन्सर न दुखता, सावकाश वाढतो. काही आठवड्यांत भराभर वाढलेली, दगडासारखी टणक गाठ, वय साठीच्या पुढे, आवाज बसलेला, गिळताना अडकतंय, असं असेल तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही.

इथं मी मध्ये पडले. म्हटलं, मग माझं तर काहीच नाही ना? रक्त नॉर्मल, गाठीत पाणी, पाण्यात कॅन्सरच्या पेशी नाहीत.

वहिनी म्हणाली, "रिपोर्ट आण."

मी आतून फाइल आणली. सगळ्यांनी वाचलेली ती ओळ तिनं पाहिलीसुद्धा नाही. तिचं बोट वरच्या, बारीक अक्षरातल्या दोन ओळींवर गेलं आणि तिथंच थांबलं. मग तिनं मला विचारलं, "सुई कुठं घातली होती?"

"गाठीत."

"गाठीत कुठं? पाण्यात की भिंतीत?"

मला काय ठाऊक! मला आठवत होती ती मान मागं टाकून खांद्याखाली ठेवलेली उशी, 'गिळू नका' असं सांगणारा आवाज, आणि सिरिंजमध्ये चढत गेलेलं तपकिरी पाणी, पातळ केलेल्या चॉकलेटसारखं. गाठ तिथल्या तिथं बसली आणि मला हलकं वाटलं. 

वहिनी : टीएसएच फक्त ग्रंथी काम कशी करते ते सांगतो. गाठ कशाची आहे ते त्यातून कळत नाही. कॅन्सर असलेल्या बहुतेकांचा टीएसएच नॉर्मलच असतो. आता हे पाणी. ते तपकिरी होतं ते जुन्या रक्तामुळं. त्याची स्लाइड केली की मला काय दिसतं सांगू? फेसाळ दिसणाऱ्या फुगलेल्या पेशी. मेलेल्या रक्ताचा कचरा गिळून शरीर साफ करणाऱ्या पेशी आहेत त्या, त्यांच्या पोटात तपकिरी कण असतात. थायरॉइडची स्वतःची पेशी त्या पाण्यात एकही नसली तरी नवल नाही. निकाल द्यायला मला थायरॉइडच्या पेशींचे निदान सहा पुंजके लागतात, प्रत्येकात किमान दहा पेशी. हिच्या रिपोर्टमध्ये वर काय लिहिलंय, वाचा : फक्त द्रव मिळाला, थायरॉइडच्या पेशी अपुऱ्या, बेथेस्डा गट 1.

आत्या : एक म्हणजे चांगलाच असेल ना?

वहिनी : इथंच सगळे फसतात. या तपासणीचे निकाल सहा गटांत सांगायची पद्धत 2009 सालापासून जगभर वापरतात, अमेरिकेतल्या बेथेस्डा गावात झालेल्या बैठकीवरून तिला ते नाव पडलं. गट 2 म्हणजे साधी गाठ. गट 6 म्हणजे कॅन्सर. आणि गट 1 म्हणजे तपासणी झालीच नाही असं समजा. 'कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत' हे खरंच आहे, कारण कुठल्याच थायरॉइडच्या पेशी आढळल्या नाहीत.

आत्या थोडा वेळ हौदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हौदातलं पाणी तपासलं. भिंतीला हातच लावला नाही."

यापेक्षा नेमकं मी त्या दिवशी दुसरं काही ऐकलं नाही. गाठीत कॅन्सर असलाच तर तो भिंतीत किंवा भिंतीला धरून वाढलेल्या भरीव भागात असतो, पाण्यात नसतो. सोनोग्राफी करणारा चांगला डॉक्टर पाणी किती हे बघून थांबत नाही. तो भरीव भाग बघतो : एका कडेला आहे का, भिंतीशी टोकदार कोन करतो का, त्याच्यात रक्तपुरवठा किती, कॅल्शियमचे पांढरे बारीक ठिपके आहेत का, कडा वेड्यावाकड्या आहेत का. स्पंजासारखी, सर्वभर बारीक पोकळ्या असलेली गाठ दिसली तर ती जवळजवळ नेहमीच साधी असते. हे सगळं रिपोर्टात लिहिलेलं असतं. आपण मात्र खालची ओळ वाचून फाइल बंद करतो.

वहिनीनं मग एका मुलाची गोष्ट सांगितली. कॉलेजातला मुलगा, मानेच्या बाजूला गाठ, पाण्यानं भरलेली. एका ठिकाणी पाणी काढलं, रिपोर्ट स्वच्छ. दोन महिन्यांत गाठ परत भरली, परत पाणी काढलं, परत स्वच्छ. तिसऱ्यांदा तेच. सगळे म्हणत होते, जन्मापासूनची पाण्याची पिशवी असेल. शेवटी कुणीतरी थायरॉइडची सोनोग्राफी केली. ग्रंथीत ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा मोठी एक भरीव गाठ होती, पॅपिलरी म्हणजे थायरॉइडच्या नेहमीच्या कॅन्सरची, आणि मानेतली ती पाण्याची गाठ म्हणजे त्याच कॅन्सरनं भरलेला लिम्फ नोड. थायरॉइडचा पॅपिलरी कॅन्सर नोडमध्ये उतरला की तिथं असं पाणी धरू शकतो.

आत्या : बघ! म्हणजे माझंच खरं. तीन वेळा पाणी काढण्यापेक्षा पहिल्यांदाच गाठ काढली असती तर?

वहिनी : पहिल्यांदाच नीट बघितलं असतं तर. आत्याबाई, तुमचं आणि माझं भांडण कापण्यावरून आहेच कुठं? माझं म्हणणं, कापायच्या आधी बघा. दक्षिण कोरियात काय झालं सांगते. 1999 नंतर तिकडं कॅन्सरच्या सरकारी तपासण्या सुरू झाल्या आणि थोडे पैसे जास्त घेऊन डॉक्टर गळ्याची सोनोग्राफीही करू लागले. 2011 साली थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण 1993 च्या पंधरा पट झालं. त्यानं मरणाऱ्यांचा आकडा मात्र होता तिथंच राहिला. त्या माणसांना जन्मात कधी त्रास दिला नसता असे बारीक कॅन्सर हुडकून काढले आणि हजारोंच्या ग्रंथी कापल्या. 2014 मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीर आवाज उठवला, तेव्हा एका वर्षात ऑपरेशनं सुमारे एक तृतीयांशानं कमी झाली. जपानात कोबेच्या कुमा हॉस्पिटलनं तर 1993 पासून सेंटिमीटरहून लहान पॅपिलरी कॅन्सर न कापता नुसते नजरेखाली ठेवले. दहा वर्षांत दहातल्या नऊ जणांच्या गाठी म्हणण्यासारख्या वाढल्या नाहीत.

आत्या : हे कोरियाचं झालं, जपानचं झालं. तिथं तपासण्या उतू गेल्या म्हणून नुकसान झालं. इथं जुना जालन्यात कोण कुणाला तपासतंय? 'सहा महिन्यांनी या' असं डॉक्टर म्हणतो. सहा महिन्यांनी कोण जातं? पुरुषाला घेऊन घर जातं. बाई स्वतःसाठी संभाजीनगरला साठ किलोमीटर कधी जाते? दिवाळी येते, सोयाबीन निघतं, पोरांच्या परीक्षा येतात, सासूचं दुखणं येतं. बाईची फाइल कपाटात राहते. तुम्ही डॉक्टर 'लक्ष ठेवू' म्हणता. लक्ष ठेवतं कोण? म्हणून मी म्हणते, एकदाच काढा. निदान काढलेली गाठ विसरली तरी चालते.

वहिनी गप्प झाली. तिच्याकडे याला उत्तर नव्हतं, आणि नाही हे तिनं मान्यही केलं. पुन्हा या म्हणून सांगितलेल्या बायकांपैकी किती जणी परत दिसत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? 

मला वाटतं, त्या दुपारच्या बोलण्यातलं सगळ्यात वजनदार म्हणणं हेच होतं. थांबून बघणं हा उपचार आहे, पण बघणारं कुणी असेल तरच. नाहीतर त्याचं नाव दुर्लक्ष.

आत्या : आणि समजा निघालाच कॅन्सर. मग?

वहिनी : मग ऑपरेशन, आणि मीच आधी सांगेन. थायरॉइडच्या कॅन्सरात दहातले आठ पॅपिलरी असतात, आणि वेळेवर उपचार झाले तर त्यातले बहुतेक रुग्ण पुढं आयुष्यभर चालते-फिरते राहतात. ही ग्रंथी आयोडीन ओढून घेते, तिच्या बहुतेक कॅन्सर पेशीही ओढतात. म्हणून ज्यांना गरज असते त्यांना ऑपरेशननंतर किरणोत्सारी आयोडीन देतात. ते शोधत शोधत राहिलेल्या पेशींपर्यंत जातं. काही दिवस माणसाला एकट्याला ठेवतात, बस. मुंबईत परळला टाटा हॉस्पिटलच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून हे काम करतंय. आपल्या जवळ संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. काकांच्या रोगाची भीती या रोगाला लावू नका. काकांच्या वेळी राहून गेलेली घाई मात्र करा, तपासायची घाई.

दुसरी सुई पुढच्या महिन्यात झाली. या वेळी सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत. गाठ पुन्हा अर्धी भरली होती. नुसतं पाणी काढलेल्या गाठी निम्म्याहून अधिक वेळा अशा परत भरतात, हे तेव्हा कळलं. मान वळवता येत नव्हती, पण डॉक्टरांनी पडदा माझ्या बाजूला केला होता. काळं पाणी, त्याच्या एका कडेला करड्या रंगाचा लहानसा डोंगर, आणि त्या डोंगरात तिरकी शिरत गेलेली एक पांढरी रेघ. ती सुई. पाण्याला वळसा घालून ती नेमकी भरीव भागात गेली. आधी आत, मग बाहेर, पुन्हा थोड्या वेगळ्या जागी. एकंदर दोन मिनिटं. इंजेक्शनपेक्षा जास्त दुखलं नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण सुईच्या भीतीनं ही तपासणी टाळणाऱ्या दोघी तरी माझ्या ओळखीत आहेत.

निकाल : बेथेस्डा गट 2. साधी गाठ.

मी आत्याला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, "दोन म्हणजे शंभरात किती?" वहिनीनं सांगितलं होतं, गट 2 येऊनही कॅन्सर निघण्याची शक्यता शंभरात तीन-चारच्या आसपास धरतात, आणि सोनोग्राफीतही संशय घेण्यासारखं काही नसेल तर त्याहूनही कमी. म्हणून एक-दीड वर्षानं पुन्हा सोनोग्राफी. गाठ वाढली किंवा रूप बदललं तर पुन्हा सुई. पाण्यानं फारच फुगून गिळायला त्रास झाला, तर आत अल्कोहोल सोडून ती आकसवायची सोय आहे, त्यालाही चाकू लागत नाही.

आत्या म्हणाली, "चार म्हणजे शून्य नाही." तिचं समाधान झालं नव्हतं आणि आजही पुरतं झालेलं नाही. चाकूच्या बाबतीत मी वहिनीच्या बाजूची आहे. पण आत्याची भीती खोटी होती असं मी कधीच म्हणणार नाही. तिनं 'काढा, काढा' म्हणून डोकं खाल्लं नसतं, तर पहिल्या रिपोर्टवर आम्ही सगळे निवांत झोपलो असतो आणि ती फाइल वहिनीच्या हाती गेलीच नसती.

दिवाळीत जालन्याला गेले तेव्हा तिची वही हौदाच्या कट्ट्यावर होती. पाणी आल्याच्या तारखांच्या खाली, लाल पेनानं, माझ्या पुढच्या सोनोग्राफीचा महिना लिहिलेला. शेजारी दोघी शेजारणींची नावं आणि त्यांचे महिने. त्यांच्याही फाइली तिनं मागवून घेतल्या होत्या. एकीचा रिपोर्ट गट 2 चा. दुसरीच्या रिपोर्टवर माझ्यासारखंच लिहिलेलं, 'फक्त द्रव मिळाला', तारीख तीन वर्षांपूर्वीची. ती बाई तीन वर्षं स्वतःला तपासलेली समजत होती. नोव्हेंबरात आत्या स्वतः तिला बसमध्ये घालून संभाजीनगरला घेऊन गेली.

तुमच्या घरात कुणाच्या गळ्यातल्या 'पाण्याच्या गाठी'तलं पाणी काढून झालं असेल, तर आज ती फाइल उघडा. रिपोर्टवर 'पेशी अपुऱ्या', 'फक्त द्रव' किंवा 'गट 1' असं लिहिलेलं आढळलं, तर डॉक्टरांना विचारा : गाठीत भरीव भाग होता का, आणि सुई त्यात गेली होती का? भरीव भाग असून सुई तिथं गेली नसेल, तर सोनोग्राफीखाली पुन्हा तपासून घ्या.